दवाखान्याचा खर्च : नऊ क्विंटल

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



दवाखान्याबद्दलचे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता अर्थमंत्र्यांना कशाला, असा प्रश्न आपल्या कार्यालयात टपाल उघडणाऱ्या लिपिकाला पडेल. तो हे पत्र आरोग्य खात्याकडे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पाठवील, ही भीती आहेच. म्हणून पहिल्याच परिच्छेदात सांगतो : पत्र आपल्यालाच आहे. नांदेड-लातूरकडे दवाखान्याची जी रड आहे, तिच्यात वैद्यकीचा भाग थोडा आणि हिशेबाचा मोठा आहे. कोणत्या शीर्षाखाली किती पैसा, तो कधी सुटला आणि किती खर्ची पडला, हे ठरते आपल्या टेबलावर. त्याचा परिणाम दिसतो नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात.

केंद्र सरकार 'राष्ट्रीय आरोग्य लेखा' नावाचा अहवाल काढते. देशात आरोग्यावर वर्षभरात एकूण किती पैसा गेला, त्यातला सरकारचा किती, विम्याचा किती आणि लोकांनी स्वतःच्या खिशातून किती मोजला, याचा तो ताळेबंद. २०१३-१४ साली एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशाचा वाटा ६४.२ टक्के होता. २०२१-२२ च्या अहवालात तो ३९.४ टक्क्यांवर आला. याच काळात सरकारचा वाटा २८.६ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. दिल्लीत या आकड्यांवर भाषणे झाली, आणि ती होणारच. आठ वर्षांत एवढी घसरण ही साधी गोष्ट नाही. तिला खोटे म्हणायचा माझा इरादा नाही.

पण टक्का बाजूला ठेवून रुपया पाहू. २०१३-१४ साली लोकांनी खिशातून घातले सुमारे २ लाख ९१ हजार कोटी रुपये. २०२१-२२ साली घातले सुमारे ३ लाख ५६ हजार कोटी. वाटा घटला, रक्कम वाढली. महागाई वजा केली आणि वाढलेली लोकसंख्या धरली, तर माणशी भार हलका झाला असे निघते, तेही मान्य. तरीही दोन गोष्टी राहतात. २०२१-२२ हे कोरोनाचे वर्ष. लस, ऑक्सिजन, तात्पुरती रुग्णालये यांवर सरकारने कधी नव्हे एवढा पैसा ओतला, म्हणून एकूण खर्चातला सरकारचा वाटा फुगला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोकांच्या खिशातून किती गेले हे त्या वर्षी कोणी घरोघरी जाऊन विचारलेले नव्हते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतले उत्तर पुढच्या वर्षांसाठी हिशेबाने वाढवून वापरले होते. म्हणजे ज्या वर्षी माणसांनी बेडसाठी मंगळसूत्र मोडले, त्या वर्षीचा खिशाचा खर्च हा साथीच्या आधीच्या शांत वर्षावरून काढलेला अंदाज आहे. देशपातळीवर अंदाज चालतो. घर चालवणाऱ्याला तो चालत नाही.

त्या २०१७-१८ च्या पाहणीतच आणखी एक आकडा आहे. ग्रामीण भारतात खासगी रुग्णालयात एकदा भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च, बाळंतपण सोडून, २७,३४७ रुपये होता. मंत्रालयात बसून हा आकडा किरकोळ वाटू शकतो. त्याचे माप आमच्याकडच्या मापात करतो. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव बोनससह ३,०५० रुपये क्विंटल होता. भागाकार केला की उत्तर येते नऊ क्विंटल. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल उतारा आला तर हंगाम बरा म्हणायचा, म्हणजे जवळपास दोन एकरांचे सगळे पीक. बी, खत, फवारणी, मळणी यांचा खर्च त्यातून वजा न करता. त्या दिवाळीला लातूरच्या बाजारात हमीभावही मिळत नव्हता, हे वेगळे सांगायला नको. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ झाला. आता भागाकार वेगळा येईल असे कोणाला वाटत असेल, तर त्याने नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये चार दिवसांच्या आयसीयूचे बिल मागून पाहावे.

हा सरासरीचा आकडा आहे, हेही ध्यानात असू द्या. सरासरीत साधा तापही येतो आणि हृदयाची शस्त्रक्रियाही. ज्याच्या घरी दुसरी गोष्ट आली, त्याच्यासाठी क्विंटल मोजणे थांबते आणि गुंठे मोजणे सुरू होते.

पाहणीने असेही विचारले होते की हा पैसा आणला कुठून. खेड्यातल्या सुमारे ८० टक्के प्रकरणांत उत्तर होते 'उत्पन्न किंवा बचत', आणि सुमारे १३ टक्क्यांत 'कर्ज'. कर्ज एवढे कमी पाहून अर्थतज्ज्ञांना बरे वाटते. मला त्या 'बचत' या रकान्याबद्दल शंका आहे. आमच्याकडे बचत कशी असते? मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव, पुढच्या पेरणीच्या बियाण्याचे पैसे, घरातले दोन तोळे, दावणीची म्हैस. ते मोडले की कागदावर कर्ज दिसत नाही. मग जूनमध्ये पेरणीला आडत्याकडून उचल घ्यावी लागते किंवा बायकोच्या नावावर बचत गटातून पैसे उचलावे लागतात. हे कर्ज शेतीच्या नावावर लागते. मूळ कारण दवाखान्याचे होते, हे कोणत्याच तक्त्यात उमटत नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या कर्जावर इतके अहवाल झाले. त्यातले दवाखान्याचे कर्ज वेगळे काढून दाखवा, असे एकदा आपल्याच खात्याने सांगावे.

त्याच पाहणीत सरकारी रुग्णालयाचाही आकडा आहे : खेड्यात ४,२९० रुपये. शून्य नाही. 'सरकारी दवाखान्यात फुकट' असे आपण म्हणतो, त्या फुकटाची ही सरासरी किंमत. ती कशाची, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. केस पेपर, बाहेरून करून आणलेली तपासणी, आणि वॉर्डातून हातात पडलेली चिठ्ठी : 'ही दोन इंजेक्शने मेडिकलवरून आणा.' गाडीभाडे, नातेवाइकाचे जेवण आणि बुडालेली मजुरी तर वैद्यकीय खर्चात धरलेलीच नाही.

आता विष्णुपुरीकडे वळतो.

डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय आधी शहरात होते, नंतर विष्णुपुरीला गेले. विष्णुपुरी म्हणजे जिथे गोदावरीचे पाणी अडवून उपसा सिंचनाची मोठी योजना उभी राहिली तेच गाव. नांदेडसोबत हिंगोली, परभणी, यवतमाळचा उमरखेड-पुसदकडचा भाग आणि पलीकडून तेलंगणातल्या सीमेवरच्या गावांतले रुग्ण तिथे येतात. मंजूर खाटा पाचशेच्या घरात, भरती असलेली माणसे त्याहून बरीच जास्त. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथे २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके. अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब ३१ वर गेला, त्यांतली १६ बालके.

पुढचे आपल्याला आठवत असेल. मंत्री आले, कॅमेरे आले. एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले, त्यावरून गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा होता असे विरोधक म्हणाले, तुटवडा नव्हता असे सरकार म्हणाले. औषधांअभावीच ही बाळे गेली, असा दावा मी करत नाही. माझ्याकडे ते ठरवायचे साधन नाही. सरकारने एक बाजू मांडली ती मात्र मला महत्त्वाची वाटते : यातले बरेच रुग्ण खासगी दवाखान्यांतून अगदी शेवटच्या अवस्थेत पाठवलेले होते.

ही सबब म्हणून सांगितली गेली, आणि तशीच ऐकली गेली. मला तिच्यात अर्थशास्त्र दिसते. कमी वजनाचे बाळ जन्मले की आमच्याकडचा बाप आधी खासगीत जातो. सरकारी दवाखान्यावरचा विश्वास उडालेला आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी बाळासाठी काचेची पेटी असली तरी ती चालवणारा माणूस असेलच याची खात्री नसते. रोजचे भाडे, ऑक्सिजनचे, इंजेक्शनचे. पैसा पुरतो तितके दिवस पुरतो. मग डॉक्टर 'रेफर' लिहून देतात आणि १०८ ची गाडी विष्णुपुरीच्या दारात येते. बापाचा खिसा आणि बाळाची ताकद एकाच वेळी संपलेली असते. खासगीतला मृत्यू टळून सरकारी नोंदीत पडतो आणि खासगीतला खर्च मात्र बापाच्या नावावर राहतो. सरकारी रुग्णालयाने पैसा वाचवायचा तो पहिल्या दिवशी. आपण त्याला शेवटच्या दिवशी कामाला लावतो.

त्या काळात औषधांची खरेदी कशी चालली होती, हे आपल्या खात्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. २०१७ पासून सरकारी रुग्णालयांची औषधे आणि यंत्रे एकत्रित घेण्याचे काम हाफकिन महामंडळाकडे होते. हाफकिन ही लशींची नावाजलेली संस्था. तिच्यावर किराणा दुकानाच्या मालासारखी हजारो बाबींची खरेदी टाकली. मागण्या साचल्या, निविदा रखडल्या, पैसे पडून राहिले. २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण करायचे ठरले. जुनी व्यवस्था बंद होत आली होती आणि नवी उभी राहायची होती. मधल्या काळात अधिष्ठात्यांनी स्थानिक खरेदीवर भागवायचे होते. भारताच्या महालेखापरीक्षकांचा राज्याच्या आरोग्यसेवेवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात आला, त्यात या खरेदीची सगळी लक्तरे टांगली आहेत.

तमिळनाडूने औषध खरेदीचे स्वतंत्र महामंडळ १९९४ साली काढले आणि पुढच्याच वर्षी ते कामाला लागले. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक, त्यात किती औषध घेतले याची नोंद, आणि प्रत्येक खेपेच्या गुणवत्तेची तपासणी. आपल्याकडे तशा कायद्यासाठी २०२३ साल उजाडले. दोन राज्ये, दोन्ही औद्योगिक, दोन्ही श्रीमंत. मधली २९ वर्षे आपण काय करत होतो, याचे उत्तर वैद्यकीय नाही.

आपण म्हणाल, राज्याने काहीच केले नाही असे कसे? विम्याची योजना आहे की. आहे, आणि तिच्याशी नांदेडचे जुने नाते आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. मराठवाड्यातल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे कवच होते, ते केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून १ जुलै २०२४ पासून पाच लाखांचे झाले. या योजनेमुळे नांदेड-लातूरमध्ये माणसे वाचली आहेत. बायपास, डायलिसिस, कर्करोग, मूत्रपिंडाचे खडे. ज्या शस्त्रक्रियेचे नाव घेतले की शेत विकायची भाषा सुरू व्हायची, ती आता पिवळ्या-केशरी कार्डावर होते. याबद्दल कृतज्ञता व्यक्त न करणे कोतेपणाचे ठरेल.

पण योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, आणि तीही यादीतल्या उपचारांसाठी. आमच्या घरांतला दवाखान्याचा पैसा मुख्यतः भरती न होता जातो. आईची साखरेची गोळी, वडिलांची रक्तदाबाची, पावसाळ्यातला ताप, लेकराचे जुलाब, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, गुडघ्याचे दुखणे. यातले काहीच पाच लाखांच्या कवचात बसत नाही. गोळी सहा महिने परवडली नाही म्हणून बंद केली, की पुढे पक्षाघात होतो किंवा मूत्रपिंड जाते; तेव्हा मात्र माणूस योजनेत बसतो. तीस रुपयांची पट्टी सरकारने दिली नाही आणि डायलिसिसचे पैसे दर आठवड्याला दिले. अर्थमंत्री म्हणून हा सौदा आपल्याला तरी पटतो का?

दुसरी अडचण नकाशाची. योजनेत बसणारी मोठी रुग्णालये नांदेड आणि लातूर शहरांत एकवटली आहेत. किनवटचा रुग्ण नांदेडला यायचा म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. माहूरचा त्याहून पुढे. आदिलाबाद त्याला जवळ पडते. देगलूर, बिलोली, धर्माबादची माणसे निजामाबाद-हैदराबादची वाट धरतात. मराठवाडा निजामाकडे असतानाही मोठ्या दुखण्याला हैदराबादच गाठायचे, आज राज्य वेगळे असूनही वाट तीच. सीमेवरच्या गावांनी 'आम्हाला तेलंगणात घाला' अशी मागणी २०१८ च्या सुमारास केली होती. मुंबईत तिची थट्टा झाली. त्या मागणीमागे शेतीचे पाणी आणि अनुदान होते, तसाच दवाखानाही होता.

लातूरबद्दल एक वेगळीच गंमत आहे. गंमत म्हणतो, कारण रडून उपयोग नाही. 'लातूर पॅटर्न'मुळे दरवर्षी हजारो मुले या शहरात नीटच्या तयारीला येतात आणि शेकड्यांनी वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. खोल्यांची भाडी, मेस, शिकवण्या, टेस्ट सिरीज यांवर शहराचे एक आख्खे अर्थकारण उभे आहे; आता नांदेडही त्या वाटेने निघाले आहे. म्हणजे डॉक्टर घडवण्याचा पैसाही आमच्याच खिशातून जातो. तो आरोग्यखर्चात धरत नाहीत, एवढेच. आणि याच भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना डॉक्टर नाही. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष ग्रामीण सेवा द्यायची किंवा दहा लाख रुपये भरून मोकळे व्हायचे, असा बंधपत्राचा नियम राहिला. पुढच्या कमाईच्या मानाने दहा लाख ही दंडाची रक्कम वाटत नाही, सुटकेची वाटते.

तरीही सगळा दोष पोरांवर ढकलू नये. महालेखापरीक्षकांच्या त्या अहवालानुसार सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांची २२ टक्के, परिचारिकांची ३५ टक्के पदे कमी होती. वैद्यकीय शिक्षण विभागात, म्हणजे विष्णुपुरी आणि लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था ज्या विभागाकडे आहेत तिथे, डॉक्टर ३७ टक्के आणि परिचारिका ३५ टक्के कमी. पदे मंजूर आहेत, जाहिरात निघत नाही; निघाली तर ११ महिन्यांच्या कंत्राटावर. मराठवाड्यात परिचर्येचे शिक्षण घेऊन घरी बसलेल्या मुली कमी नाहीत. त्यांना पद देणे ही आरोग्याची योजना आहे आणि रोजगाराचीही. पण पगाराचे शीर्ष म्हटले की वित्त विभागाचा हात आखडतो. इमारतीचे भूमिपूजन करता येते, कोनशिला बसवता येते. परिचारिकेच्या पगाराचे उद्घाटन कसे करणार?

याच लातुरात १९६६ साली काही तरुण डॉक्टरांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. डॉ. अशोक कुकडे त्यांतले. त्यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुण्या-मुंबईत बस्तान बसवता आले असते अशा माणसांनी त्या काळच्या लातुरात येऊन संस्था रुजवली. अशी माणसे पुन्हा मिळतील या आशेवर मात्र राज्याला आपला आराखडा बेतता येणार नाही.

आता पैशाच्या मुख्य मुद्द्याकडे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले की सरकारांचा आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा, आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचे ८ टक्क्यांहून अधिक आरोग्याला द्यावेत. कोरोनाच्या त्या फुगलेल्या वर्षातसुद्धा देशाचा आकडा १.८४ टक्क्यांपर्यंतच पोचला. आणि महाराष्ट्र? देशातली सगळ्यांत मोठी राज्य-अर्थव्यवस्था म्हणून आपण प्रत्येक भाषणात मिरवतो. आपल्या राज्याचा आरोग्यावरचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत घुटमळत आला आहे. आठाची गोष्ट सोडा, इतर राज्यांच्या सरासरीलाही आपण गाठत नाही.

नुसता जास्त पैसा ओतला की आरोग्य सुधारते असे मी समजत नाही. अमेरिका आपल्या उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर घालवते आणि तिथेही माणसे दवाखान्याच्या बिलापायी दिवाळखोर होतात. थायलंडने २००२ मध्ये सगळ्या नागरिकांसाठी उपचारांची हमी दिली तेव्हा तो काही श्रीमंत देश नव्हता. आज तिथे खिशातला खर्च दहा टक्क्यांच्या आसपास आहे. त्यांनी जिल्ह्यातले सरकारी रुग्णालय आधी मजबूत केले, ग्रामीण भागात डॉक्टर-परिचारिका टिकवल्या, आणि मग त्यांच्याकडेच माणशी ठरावीक पैसा वळवला. आपण उलट्या टोकाने निघालो. सरकारी दवाखाना आहे तिथेच ठेवला आणि खासगीतली शस्त्रक्रिया विकत घ्यायला पैसा काढला.

सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आणला आणि बऱ्याच औषधांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर. चांगले झाले. पण विम्याची सवलत पॉलिसी घेणाऱ्याला. नायगाव-मुखेडच्या शेतमजुराकडे पॉलिसी कुठली? त्याच्या घरी दरमहा येतो तो लाडकी बहीण योजनेचा दीड हजार. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आपण त्यासाठी ३६ हजार कोटी ठेवले. बाईच्या हातात पैसा येण्याला माझा विरोध नाही. अशा घरांत तो पहिल्यांदाच तिच्या नावाने आला. पण तो जातो कुठे हे पाहायचे तर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कुठल्याही तालुक्याच्या मेडिकलसमोर उभे राहावे. राज्याने एका खिशातून दिलेले पैसे, राज्याच्याच दवाखान्यात न मिळालेल्या गोळ्यांसाठी काउंटरवर मोजले जातात. छापील किमतीला. घाऊक खरेदीत सरकारला तीच गोळी किती स्वस्त पडली असती, हा हिशेब आपला वित्त विभाग अर्ध्या तासात मांडील.

राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांमधले उपचार निःशुल्क केले, त्याचे आम्ही स्वागत केले. त्या निर्णयातून वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वगळली गेली. म्हणजे प्राथमिक केंद्रात मोफत, ग्रामीण रुग्णालयात मोफत, आणि दुखणे वाढून विष्णुपुरीला पाठवले की खिडकीवर पैसे. रुग्णाला विभाग कळत नाहीत. त्याला दोन्ही सरकारीच. या शुल्कातून तिजोरीत येते तरी किती? ते माफ करायला आपल्याला धोरण लागणार नाही, एक शासन निर्णय पुरेल.

औषधांच्या पैशाचे वेळापत्रकही बदला. अर्थसंकल्पात तरतूद मोठी दिसते, वर्षभर थोडी थोडी सुटते आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधीवाटपाच्या 'बीम्स' या संगणक प्रणालीवर एकदम उमटते. मार्चमध्ये आलेल्या पैशाने ऑगस्टमधला डेंग्यू बरा होत नाही. औषधांच्या शीर्षाला काटछाटीतून वगळावे, एप्रिलमध्येच निम्मी रक्कम रुग्णालयाच्या हाती द्यावी, आणि साखर व रक्तदाबाच्या गोळ्या प्रत्येक उपकेंद्रावर दर महिन्याला मिळतील एवढी खरेदी आधी करावी. किनवटच्या गोकुंद्याचे, देगलूरचे, मुखेडचे आणि लातूर जिल्ह्यातले उदगीर-निलंग्याचे, या रुग्णालयांत बाळांचे आणि बाळंतिणींचे डॉक्टर चोवीस तास राहतील अशी पदे नियमित भरावीत. तसे झाले तर विष्णुपुरीच्या दारात येणाऱ्या गाड्या कमी होतील, आणि ज्या येतील त्या वेळेत येतील.

हे सगळे एका अर्थसंकल्पात होणार नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून येत्या अधिवेशनासाठी मागणी छोटी ठेवतो. अर्थसंकल्पाच्या भाषणात आपण स्मारकांसाठी, रस्त्यांसाठी, मेट्रोसाठी ठेवलेल्या रकमा वाचून दाखवता. त्याच भाषणात डॉ. शंकरराव चव्हाण रुग्णालय आणि लातूरची विलासराव देशमुख संस्था, या दोन ठिकाणच्या औषधांसाठी गेल्या वर्षी किती रक्कम मंजूर झाली, किती सुटली आणि किती खर्च झाली, हे आकडे सभागृहात मोठ्याने वाचावेत. दोन्ही जिल्ह्यांचे आमदार समोर बसलेले असतील. त्यांनी ते लिहून घ्यावेत आणि आम्हाला मराठीत छापून द्यावेत.

कळावे,

आपला,
नांदेडचा एक नागरिक